मी टॉड्री, ऑड्रीच्या गोफाचा वंशज

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो, आणि माझे नाव घेऊन कुणी कुणाचे कौतुक करत नाही. मी इंग्रजीतले एक विशेषण आहे. टॉड्री म्हणतात मला. दुकानात एखादी माळ लांबून लखलखते, हातात घेतली की तिचा मुलामा नखाला लागतो, तेव्हा इंग्रज माणूस नाक मुरडून मला हाक मारतो. भडक, भपकेबाज, आतून पोकळ, असे त्याला पुष्कळ काही म्हणायचे असते. ते सगळे माझ्या एकट्याच्या डोक्यावर ठेवून तो मोकळा होतो.

माझी त्याबद्दल तक्रार नाही. शब्दाने ज्याच्या तोंडी बसावे त्याचे काम करावे, एवढाच त्याचा धर्म. पण माझे कुळ विचाराल तर सांगावे लागेल की मी एका संतिणीच्या घरचा आहे.

पूर्व इंग्लंडच्या दलदलीत ईली नावाचे एक बेट आहे. साडेतेराशे वर्षांपूर्वी एक राजकन्या तिथे येऊन राहिली. तिचे नाव एथेलथ्रिथ. एथेल म्हणजे कुलीन आणि थ्रिथ म्हणजे सामर्थ्य. हे नाव माझी खापरपणजी. राजकन्येने राजवाडा सोडला, रेशीम टाकून जाडीभरडी लोकर अंगावर घेतली, मठ बांधला आणि दिवसातून एकदा जेवून उरलेला वेळ प्रार्थनेला दिला. पुढे तिच्या गळ्याला मोठी लाल गाठ आली. भाविक सांगतात की ती त्या गाठीवरही रागावली नाही. “लहानपणी याच गळ्यात मी हौसेने माळा मिरवल्या होत्या, देवाने त्याची आठवण ठेवली,” असे म्हणून ती समाधानाने गेली. सोळा वर्षांनी थडगे उघडले तेव्हा गाठ कापल्याची गळ्यावरची जखम भरून आलेली होती, असेही सांगतात. मी तेव्हा नव्हतो. ऐकले ते तुमच्यापुढे ठेवतो.

तेव्हापासून घशाचे, गळ्याचे दुखणे घेऊन माणसे ईलीला येऊ लागली. येताना रेशमाचा गोफ आणायचा, समाधीला लावायचा आणि गंड्यासारखा गळ्यात बांधायचा. आता एथेलथ्रिथ हे नाव होड्या वल्हवणाऱ्या आणि वाम मासे धरणाऱ्या माणसांच्या जिभेला जड होते. पायरीचा दगड पावलांनी झिजावा तसे ते चार-पाचशे वर्षांत झिजले आणि त्याचे ऑड्री झाले. सेंट ऑड्री, म्हणजे संत ऑड्री. जत्रेत गोफ विकणाऱ्या बायका दिवसभर हेच ओरडत. ओरडता ओरडता ‘सेंट’मधला शेवटचा ट ऑड्रीला जाऊन चिकटला आणि उरलेला भाग वाऱ्यावर गेला. असा मी जन्मलो. टॉड्री म्हणजे ऑड्रीबाईचा, तिच्या नावाचा, तिच्या पायाशी लागलेला. त्या काळात माझ्या अंगाला डाग नव्हता. मुलगी सासरी निघाली की आई म्हणे, “टॉड्री गोफ आहे हो, जपून बांध.”

मग एका राजाच्या हुकमाने हातोडे आले आणि समाधी फोडली गेली. राजाने धरलेल्या नव्या ख्रिस्ती पंथात संतांची पूजा बसत नव्हती. समाधी गेली, पण जत्रा राहिली. दर वर्षी ऑक्टोबरच्या सतरा तारखेला ईलीच्या चौकात पाले उभी राहत आणि पहिल्या पालापासून शेवटच्या पालापर्यंत माझ्याच नावाचा गजर चाले. समाधी फुटल्याला साठेक वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट आता सांगतो. पोथ्यापुस्तकांत मी पुष्कळ उशिरा शिरलो. त्याआधी तोंडातोंडात काय घडले ते फक्त मला ठाऊक आहे.

ईलीत थॉमसिन पॅम्प्लिन नावाची विधवा राहत होती. पन्नाशीची बाई, अंगाने किरकोळ, पण हाताची बोटे अशी की सुतारानेही मान डोलवावी. ती बोटांवर रेशमाचे फासे घेऊन गोफ विणत असे. माग नाही, सुई नाही. दहा बोटे आणि समोर एक माणूस. पाच फासे या हातात, पाच त्या हातात, एकातून दुसरा ओढून घ्यायचा, आणि प्रत्येक ओढीला समोरच्या माणसाने हाताच्या कडेने वीण घट्ट सरकवायची. समोरचे माणूस म्हणजे तिची नणंद बार्बरी. लग्न न झालेली, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. पंचवीस वर्षे त्या दोघी अशा एकमेकींपुढे बसत आल्या होत्या. पॅम्प्लिनच्या घरचा गोफ मंजिष्ठेत रंगलेला असे, तुरटीच्या पाण्यातून दोनदा काढलेला असे. माणूस म्हातारा होई, पण गोफाचा रंग सुटत नसे. सगळ्या बेटाला हे माहीत होते. हे ध्यानात ठेवा.

त्या वर्षी लंडनहून फेरीवाले भाराभर गोफ घेऊन आले होते. रेशमात अर्धी भेसळ, वीण मागावरची, रंग मात्र डोळ्यांत भरणारे. आदल्या वर्षीही ते आले होते आणि थॉमसिनची टोपली भरलेली परत गेली होती. जत्रेच्या तीन आठवडे आधी हम्फ्री टुक नावाचा फेरीवाला तिच्या दारी उभा राहिला. त्याच्या खांद्यावर लालभडक धाग्यांच्या लडी होत्या.

“मावशी, तुमची बोटं आणि माझा धागा,” तो म्हणाला. “लोक रंगाला भुलतात. वीण बघतंय कोण?”

“तुरटी दाखवलीय का याला?” थॉमसिनने विचारले.

“दाखवलीय की!”

“लांबून दाखवली असशील,” बार्बरी म्हणाली.

टुक हसला. थॉमसिनने अंगठा जिभेला लावून धाग्यावर घासला. अंगठा लाल झाला. कुठल्याशा परदेशी लाकडाचा कच्चा रंग होता. तिने अंगठा पदराआड केल्यासारखा झग्याला पुसला. मी तेव्हा तिच्या ओठांशीच होतो, म्हणून सांगतो, ती बोलणार होती. पण बार्बरी मध्येच म्हणाली, “वहिनी, एका जत्रेपुरतं घे. हिवाळ्यात जाळायला पीटची, दलदलीतल्या मातीची, ढेकळं तरी घरात हवीत ना? का तुझ्या नावाची शेगडी पेटवायची?”

थॉमसिनने लडी घेतल्या. वीण तिने नेहमीसारखीच घातली. हात खोटे बोलायला शिकले नव्हते. खोटा होता तो रंग.

जत्रेत टोपली दुपारच्या आत अर्धी झाली. पॅम्प्लिनच्या घरचा गोफ आणि तोही असा रसरशीत लाल! बायका एकमेकींना कोपराने ढकलत होत्या. त्यांत पलीकडच्या वाडीवरची डायनिस फिंचम होती. वाम धरणाऱ्याची मुलगी, उंच मानेची, लाजरी. गिरणीवाल्यांच्या जर्व्हिसशी तिचे ठरले होते. चर्चमध्ये पाठोपाठच्या तीन रविवारी लग्नाची पुकार होते आणि कुणाची हरकत असेल तर तिथेच सांगायची असते. तिची पहिली पुकार होऊन गेली होती. त्या भागातल्या मुली जत्रेत गोफ घेत, तो गळ्यात बांधत आणि तिसऱ्या पुकारेपर्यंत सोडत नसत. निजताना नाही, अंग धुताना नाही.

“काकू, पक्का आहे ना रंग?” डायनिसने विचारले. “दिवसरात्र गळ्यात राहायचाय.”

थॉमसिनचे हात टोपलीत होते. ते तिथेच थांबले.

“आमच्या घरचा आहे गं,” ती म्हणाली.

मित्रांनो, शब्द म्हणून माझा अनुभव असा की माणसे पुष्कळदा खरे बोलूनच फसवतात. ते वाक्य खरे होते. डायनिसने गोफ घेतला, जर्व्हिसने पुढे होऊन तो तिच्या गळ्यात बांधला आणि दोघे धुक्यातून होडीकडे गेली.

ऑक्टोबरातले ते धुके बेटावर दहा दिवस बसले होते. कपडे वाळत नव्हते, भाकरीला बुरशी येत होती. डायनिसची मान खाजू लागली. तिने दम धरला, पण आठव्या दिवशी आईने जबरदस्तीने गोफ सोडला आणि हातातला दिवा खाली ठेवला. मुलीच्या गळ्याभोवती लाल वर्तुळ उमटले होते. जागोजागी पुरळ होते. चरबी लावली, गाळलेली राख लावली, वर्तुळ जाईना. संतिणीच्या गळ्याला जिथे गाठ आली होती तिथेच, आणि त्याच रंगाची.

दुसऱ्या कुठल्या गावात लोक म्हणाले असते, गोफ कच्चा आहे. इथे कुणाच्या मनात ते आले नाही. पॅम्प्लिनच्या घरचा गोफ रंग सोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. मग लाल वर्तुळाचा अर्थ एकच. ऑड्रीने खूण केली. स्वतः दोनदा लग्न होऊनही देवाचीच राहिलेली ती संतीण, ती या लग्नाला नाही म्हणते आहे. पोरीने काहीतरी लपवले असणार. आईने घाबरून गोफ पीटच्या विस्तवात टाकला. पुरावा होता तेवढा जळून गेला.

गुरुवारी बार्बरी बाजारातून वाम घेऊन आली. येतानाच बोलू लागली.

“ऐकलंस का वहिनी, फिंचमच्या पोरीला संतिणीनं धरलं म्हणे! गळ्याला लाल कडं! जर्व्हिसची आई, ती क्रॉप्लीबाई, रविवारी हरकत घेणार. म्हणाली, असली सून माझ्या गिरणीत आली तर पिठात किडे पडतील. मी म्हटलं, पडायला पीठ तरी स्वच्छ कुठं असतं तुमचं...” आणि ती मध्येच थांबली. टोपलीत उरलेल्या लाल गोफांकडे तिची नजर गेली होती.

चुलीवरचे पाणी उकळून गेले.

“महिन्याभरात डाग जाईल तिचा,” बार्बरी हळू आवाजात म्हणाली.

“आणि लग्न?”

“दुसरं जुळेल.”

“जुळेल? संतिणीनं नाकारलेल्या पोरीचं?”

“मग काय करणारेस? उठून सांगणारेस? पुढच्या वर्षी तुझ्याकडून चपलेचा बंद तरी घेईल का कुणी? पंचवीस वर्षं मी समोर बसले, वहिनी. माझेही हात आहेत त्यात.”

“तुझं नाव नाही घेणार मी.”

“नावाचं कोण बोलतंय!” बार्बरी ओरडली आणि वाम साफ करायला बाहेर निघून गेली. तिचे डोळे भरले होते, पण ते कुणाला दाखवायची तिची रीत नव्हती.

त्या दिवसापासून थॉमसिनने मानेभोवती जाड रुमाल गुंडाळला तो काढलाच नाही. बार्बरीला वाटले, घसा धरला असेल.

रविवारी चर्च भरून गेले होते. एरवी थंडीताप सांगून घरी बसणारेही आले होते. पाद्रींनी तिसरी पुकार केली आणि विचारले, कुणाची हरकत आहे काय? मिलिसेंट क्रॉप्ली उठली. मोठ्या घरची बाई होती. एकुलता एक मुलगा होता तिचा.

“माझी आहे,” ती म्हणाली. “या मुलीच्या गळ्यावर ऑड्रीची खूण आहे. वैर नाही माझं तिच्याशी. पण जिला संतिणीनं नाकारलं तिला मी घरात कशी घेऊ?”

“संतांच्या खुणा वगैरे आता या देवळात चालत नाहीत, बाई,” पाद्री रागाने म्हणाले.

“देवळात चालत नसतील. माझ्या घरात चालतात.”

लोक कुजबुजले. जर्व्हिस उठून उभा राहिला. त्याने आईकडे पाहिले, डायनिसकडे पाहिले आणि तो पुन्हा बसला. डायनिस खाली मान घालून बसली होती. तिने गळा दोन्ही हातांनी झाकला होता.

तेव्हा मागच्या बाकावरून थॉमसिन उठली. ती मधल्या वाटेने चालत पुढे गेली, लोकांकडे वळली आणि तिने मानेचा रुमाल सोडला. आत लाल गोफ होता, ओलाकच्च. तीन दिवस तिने तो पाण्यात भिजवून भिजवून गळ्यात बांधला होता. गोफाची गाठ तिने सोडली. खाली तेच वर्तुळ, तोच रंग, तेच पुरळ.

“आता सांगा,” ती म्हणाली. “ऑड्रीनं मलाही खूण केली? पन्नाशीची म्हातारी मी, माझ्याशी लग्न करायला कोण आलंय इथं?”

कुणीतरी फसकन हसले. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

“हा गोफ मी विणलाय. धागा कच्चा आहे हे मला घेतानाच कळलं होतं. अंगठ्याला लागला होता रंग. या पोरीनं मला विचारलं, पक्का आहे ना, आणि मी घराचं नाव पुढं केलं. संतिणीचा यात काही संबंध नाही. तिच्या नावानं मी लबाडी केली.” तिने गोफ वर धरला. पाण्याचा एक लाल थेंब फरशीवर पडला. “नुसता भपका आहे हा. आत काही नाही. टॉड्री आहे, टॉड्री!”

मित्रांनो, मी त्या देवळात अनेकदा उच्चारला गेलो होतो. पण असा कधीच नाही. आतापर्यंत माझ्या नावाने लोक मान लववत आले होते. त्या दिवशी एका बाईने मला थुंकीसारखे टाकले, आणि टाकले ते स्वतःच्याच मालावर. मला वाईट वाटले की बरे वाटले, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. एवढे आठवते की त्या क्षणी डायनिसने गळ्यावरचे हात खाली घेतले.

पाद्री म्हणाले, हरकत टिकत नाही. बाहेर आल्यावर मिलिसेंट क्रॉप्ली थॉमसिनपुढे येऊन उभी राहिली.

“माझ्या पेटीत तुझे चार गोफ आहेत. तेही असलेच?”

“तीन जुने आहेत. ते तुझ्या नातीच्या लग्नापर्यंत टिकतील. या सालचा जाळून टाक.”

“माझ्या तोंडून पोरीची बदनामी करवलीस तू.”

“करवली खरी.”

मिलिसेंटने तिच्या मानेकडे पाहिले. मग म्हणाली, “मानेला लोणी लाव. आग होत असेल,” आणि निघून गेली.

लग्न ठरल्या दिवशी झाले. डायनिसच्या आईने ओढणी काढून ठेवली होती, पण मुलीने ती घेतली नाही. वर्तुळ फिकट झाले होते, तरी दिसत होते. ती उघड्या मानेने चर्चमध्ये गेली आणि उघड्या मानेने गिरणीत आली.

थॉमसिनचे मात्र बार्बरी म्हणाली होती तसेच झाले. पुढच्या जत्रेत तिच्या टोपलीकडे कुणी फिरकले नाही, जुने पक्के गोफ असूनही. पोरे लांबून ओरडत, “टॉड्री थॉमसिन! टॉड्री थॉमसिन!” फेरीवाल्यांना ते ऐकून मजा वाटली. त्यांनी ते होडीतून केंब्रिजला नेले, तिथून लंडनला. बार्बरी महिनाभर वहिनीशी बोलली नाही. मग एके सकाळी ती स्टूल ओढून समोर येऊन बसली आणि हात पुढे करून म्हणाली, “गोफ कुणी घेत नाही, तर वाम धरायची जाळी विणू. माशांना काय, पॅम्प्लिनचं नाव वाचता येत नाही.” दोघींनी मरेपर्यंत जाळी विणली. ती जाळी कधी फाटली असे मी ऐकले नाही.

मी पुढे मोठा झालो. लंडनच्या बाजारात, नाटकांत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेलो. शाईत उतरलो, कोशात बसलो. गोफ, जत्रा, संतीण सगळे मागे राहिले आणि मी नुसता निंदेचा शब्द उरलो. दागिन्याला वापरतात, कपड्याला वापरतात, कधी माणसालाही वापरतात. जी बाई राजवाडा सोडून लोकर नेसली तिच्या नावातून मी निघालो, आणि आज भडक कपड्यांवर मला चिकटवतात. देवाला यात गंमत वाटत असेल तर वाटो. त्याची करणी मी काय मोजणार?

शेवटी एक विनंती करतो. ज्या नावावर लोकांची श्रद्धा आहे, त्याची चिठ्ठी आपल्या कच्च्या मालावर चिकटवू नका. नाव संताचे असो, गुरूचे असो की तुमच्या आजोबांचे. कच्चा रंग विकणाऱ्याला लागत नाही, विश्वास ठेवणाऱ्याच्या गळ्याला लागतो. आणि मला वापरायचे झाले तर जपून वापरा. दुसऱ्याच्या वस्तूला टॉड्री म्हणायला मी कुणालाही, कधीही सापडतो. चारशे वर्षे माणसे तेच करत आली आहेत. स्वतःच्या हातच्या वस्तूला भर सभेत टॉड्री म्हणणारी मला एकच भेटली, आणि तिच्या तोंडी असताना मी जेवढा स्वच्छ होतो तेवढा समाधीपाशीही नव्हतो.